दोन डबे

मी जिथे काम करते त्या घराला पाटी नाही. दाराशी नऊ घंट्या आहेत, पण त्यांच्यापुढे आडनावं नाहीत, नुसते आकडे. जर्मनीत हे चमत्कारिक दिसतं. इथे घंटीवर आडनाव नसलं तर पोस्टमन पत्रसुद्धा टाकत नाही. आमच्या पोस्टमनला सांगून ठेवलंय, सगळं टपाल ऑफिसच्या पेटीत टाक. कारण हॅम्बर्गच्या एका टोकाला असलेल्या या तीन मजली घरात एच.आय.व्ही. असलेली माणसं राहतात. सगळ्यांनाच अशा घराची गरज पडते असं नाही, हे आधीच सांगते. बहुतेक लोक रोज गोळी घेतात, नोकऱ्या करतात, पोरं वाढवतात, आणि शेजाऱ्याला पत्ताही नसतो. आमच्याकडे येतात ते आजार फार उशिरा कळलेले. कुणाची नजर गेलेली, कुणाची आठवण गेलेली, कुणाला घरच्यांनी बाहेर काढलेलं. प्रत्येकाला एक खोली, खाली सगळ्यांचं मिळून स्वयंपाकघर, आणि आम्ही चौघीजणी पाळीपाळीने: गोळ्या घेतल्या का ते बघायचं, डॉक्टरकडे न्यायचं, सरकारी कागद भरायचे, फ्रिजमधल्या दह्यावरून होणारी भांडणं सोडवायची.

आमची मुख्य म्हणजे उंच, कोरडी, सरळ बाई. पहिल्या दिवशी तिने मला एकच नियम दोनदा सांगितला. "दारावर कुणीही येऊ दे, पोलीस येऊ दे, सख्खी आई येऊ दे. इथे कोण राहतं ते आपल्याला माहीत नाही." मी म्हटलं, "गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर'. नवीन होते ना, दर वाक्याला गेनाऊ म्हणायचे.

आणि खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस मी पाण्याची बाटली घरून न्यायचे. त्या स्वयंपाकघरातल्या कपातून चहा पीत नव्हते. रीतसर शिक्षण घेतलेली, परीक्षा पास झालेली, कपबशीतून काही होत नाही हे पाठ असलेली मी! लिहायला लाज वाटते. पण पुढचं सांगायचं तर हे गिळून चालणार नाही.

दुसरी लाज याहून मोठी. मी कुठे काम करते हे मी अकरा वर्षं इथल्या एकाही मराठी माणसाला सांगितलं नव्हतं. मराठी मंडळात कुणी विचारलं की, "वृद्धाश्रमात असते." सासूबाईंनाही तेच. नवरा म्हणाला होता, "कशाला उगाच? गणपतीला तुझ्या हातचे मोदक कुणी खाणार नाही." तो वाईट माणूस नाही, लोकांना ओळखून आहे. आमच्या लेकीला मराठी सगळं कळतं, पण बोलते जर्मनच. ती जेवणाच्या टेबलावर आम्हा दोघांना भित्रे म्हणायची, आणि मी तिला डोळे वटारून गप्प करायचे.

तर अशा घरात तो आला. सांगलीचा. पुण्यात इंजिनीअर झालेला, मग स्टुटगार्टला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत, मग हॅम्बर्गला विमानांच्या कामावर कंत्राटी. तेहतीस-चौतीस वर्षांचा. डोकं दुखतंय म्हणून वर्षभर गोळ्या गिळत राहिला आणि एक दिवस ऑफिसात कोसळला. मेंदूत जंतुसंसर्ग झाला होता. तो कशामुळे झाला हे शोधताना बाकीचं कळलं. वाचला, पण डावा हात आणि डावा पाय लुळे पडले, डाव्या बाजूचं दिसेना, वाचायला घेतलं की अक्षरं पळायची. कंत्राटी नोकरी, ती गेली. तीन जिने चढायचं भाड्याचं घर, तेही सुटलं.

त्याच्या फायलीवरचं आडनाव मराठी होतं. आणि पहिला विचार काय आला असेल? हा मंडळात येत तर नसेल ना, मला ओळखून तर नसेल ना. बघा म्हणजे! पोरगं मरणाच्या दारातून परत आलेलं आणि मला माझीच पडलेली.

व्हीलचेअरमधून त्याला आत आणलं तेव्हा मी वाकून म्हटलं, "ये रे." तो माझ्याकडे बघतच राहिला आणि मग रडायला लागला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "काकू, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

"अरे, मी कुठे काम करते हेच कुणाला ठाऊक नाही, तुझं कुठून सांगू?"

रडता रडता हसला. त्या दिवसापासून आमचं जमलं, शाळेत एकाच वर्गातून पळालेल्या दोघांसारखं. त्याला हे कसं झालं ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. आमच्या घरात तसं विचारत नाहीत.

सांगलीत त्याने 'मेंदूला सूज आली होती' एवढंच कळवलं होतं. दर रविवारी अकरा वाजता आईचा व्हिडिओ कॉल यायचा. तो फोन टेबलावर असा लावायचा की मागे फक्त कोरी भिंत दिसेल. आई विचारायची, "त्या आश्रमात जेवायला काय देतात रे?" हा म्हणायचा, "आश्रम नाही गं आई, पाय बरा होईपर्यंत राहायची सोय आहे."

आता डब्यांचं सांगते. त्याच्या आईकडे स्टीलचे दोन डबे होते, एकाच मापाचे, कडीचे, झाकणावर तिचं नाव घातलेले. तिच्या लग्नातले. एक डबा इथे असला की दुसरा तिथे. सांगलीहून कुणी जर्मनीला निघालंय असं कानावर आलं, मुलाकडे म्हणा, लेकीच्या बाळंतपणाला म्हणा, की ही डबा घेऊन त्यांच्या दारात हजर. "एवढं न्याल का हो माझ्या लेकासाठी?" आपल्याकडे याला नाही म्हणता येत नाही. माणसं बॅगेतून स्वतःचा स्वेटर काढून ठेवतील पण डबा आणतील. डब्यात बेसनाचे लाडू, तिखटमिठाच्या पुऱ्या, आणि वेगळ्या पिशवीत तीन पदरी बांधलेला कांदा-लसूण मसाला. तो उघडला की वरच्या मजल्यापर्यंत सगळे शिंकायचे. चार नंबरच्या खोलीतले जर्मन आजोबा शिंका देत देत वॉकर ढकलत यायचे आणि लाडवाकडे बोट दाखवून उभे राहायचे.

आणि डबा रिकामा परत जात नाही, हे काय सांगायला हवं? हा त्यात बदामाची मिठाई आणि चॉकलेटं ठासून भरायचा. देवघेव व्हायची ती हॅम्बर्गच्या मोठ्या स्टेशनात, हाउप्टबानहोफला, घड्याळाखाली. भरलेला डबा घ्यायचा, आपला द्यायचा. घरी कधी कुणाला बोलवायचं नाही, ही त्याची शिस्त होती आणि त्यात तो कधी चुकला नाही.

दोन वर्षांत व्हीलचेअर गेली, काठी आली. रक्तात विषाणू सापडेनासा झाला. असं झालं की तो माणूस दुसऱ्या कुणाला आजार देऊच शकत नाही. जूनमध्ये डॉक्टर म्हणाले, विमानाने जायला हरकत नाही. त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. त्याने मनाशी पक्कं केलं: लग्नाच्या आठ दिवस आधी जायचं, आईच्या स्वयंपाकघरात बसायचं आणि सगळं सांगून टाकायचं. "मला बाकी काही नको, काकू," तो म्हणायचा. "रागावू दे, रडू दे, हाकलून देऊ दे. पण तिला माझ्या तोंडून कळू दे. मी समोर बसलेला असताना."

आम्ही सराव करायचो. हसू नका, खरंच करायचो. दुपारी मी बटाटे सोलायचे, तो उजव्या हाताने श्रावणघेवडा मोडायचा, आणि मी त्याची आई व्हायचे. जर्मनमध्ये तो हे धडाधड सांगायचा, डॉक्टरांना, सरकारी ऑफिसात, कुणालाही. मराठीत पहिल्याच वाक्याला अडायचा. "आई, मला एक आजार..." की गाडी बंद. मी म्हणायचे, "पुढे?" तो म्हणायचा, "पुढे काही नाही, आई पदर तोंडाला लावते." मग एके दिवशी त्यालाच सुचलं. "काकू, शेवटचं वाक्य आधी घेतो. आई, माझ्यामुळे तुला काहीही होणार नाही. हे आधी." मी म्हटलं, "शाब्बास रे गड्या!" त्या वाक्याने सुरुवात केली की पुढचं सुटायचं. सप्टेंबर येईपर्यंत तो सगळं न अडखळता म्हणू शकत होता.

मग तो शनिवार आला. त्याच्या आईचे शेजारी, सत्तरीचं जोडपं, बॉनला मुलाकडे आले होते. मुलगा टेलिफोन कंपनीत. सांगलीला परतायच्या आधी दोन दिवस हॅम्बर्ग बघायला आले होते, अर्थातच डबा घेऊन. तीन वाजता स्टेशनात भेटायचं ठरलं होतं. हा दोनलाच निघाला, पाठीवरच्या पिशवीत त्याचा भरलेला डबा.

साडेतीनला घंटी वाजली. शनिवारी पाळीवर एकटीच असते, मी होते. दाराच्या फोनमधून "या, बिटं?" म्हटलं, म्हणजे जर्मनमध्ये 'हो, बोला?'. उत्तराऐवजी बायकी आवाज, लांबून: "अहो, जर्मनमध्ये काहीतरी बोलतायत. भिजतोय आपण. पत्ता बरोबर वाचलात ना?"

आता मला सांगा. अकरा वर्षांत त्या दारावर एकदाही मराठी ऐकलं नव्हतं. बाहेर पाऊस, म्हातारी माणसं, अस्सल आपली बोली. नियम आठवला का? नाही आठवला. खोटं कशाला बोलू, जीभ आपोआप सुटली. "कोण पाहिजे हो तुम्हाला?"

"अगंबाई, मराठी!"

मी दार उघडलं. काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पुडकं दाखवलं, वर त्याच्या आईच्या अक्षरात आमचा पत्ता. कधीतरी पासपोर्टचे कागद कुरिअरने मागवताना त्याला तो घरी द्यावा लागला होता. काका म्हणाले, "म्हटलं, पोराचा पाय अधू, कशाला त्याला स्टेशनपर्यंत दगदग? पत्ता होताच. विचारत विचारत आलो. आमचा फोन बाहेर लागत नाही, आम्ही इथे आलोय तेवढं कळवा त्याला."

मी तरी तिथेच, दारातच पुडकं घ्यायचं. "देते हं" म्हणायचं आणि दार लावायचं. आमच्यातल्या दुसऱ्या तिघींपैकी कुणीही हेच केलं असतं. नव्हे, त्यांनी दारच उघडलं नसतं. पण मी, मिरजेत वाढलेली बाई, भिजलेल्या वडीलधाऱ्यांना दारातून वाटेला लावणार? "अहो, असं कसं, आत या ना. चहा तरी घ्या. आलं घालून करते."

नेलं त्यांना स्वयंपाकघरात. बसवलं. आलं किसलं. कित्येक महिन्यांत इतकी खुशीत नव्हते. मिरज-सांगली म्हटल्यावर ओळखी निघाल्या, कुठल्या शाळेत, कुठल्या गल्लीत. काकांना परदेशात आलेल्या आपल्या म्हाताऱ्यांची ती सवय, दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची. फ्रिजवरचा कागद वाचला, कचऱ्याच्या डब्यांवरची नावं वाचली, त्या उच्चारांना आम्ही तिघंही हसलो. काकू फार गोड बाई. त्याच्यासाठी स्वतःकडचा चिवडाही आणला होता, "पोर एकटं राहतं हो."

मग त्या भिंतीवरच्या फळीकडे बघून म्हणाल्या, "हे फोटो कुणाचे?"

"इथे राहायचे सगळे," मी चहा गाळत म्हटलं.

"बरीच तरुण मुलं दिसतात."

तेवढ्यात माझा फोन वाजला; त्याला कळवायचं राहूनच गेलं होतं. तो होता, स्टेशनातून. "काकू, तास होऊन गेला, ते आले नाहीत. फोनही लागत नाही."

मी हसतच सांगितलं, "अरे, ते इथेच आहेत! चहा घेतायत!"

पलीकडे गाड्यांच्या घोषणा ऐकू येत होत्या. मग त्याने विचारलं, "कुठे बसलेत?"

"स्वयंपाकघरात."

"कुठल्या भिंतीकडे तोंड करून?"

देवा! मी मान वर केली. अकरा वर्षं रोज बघून मला ती भिंत दिसेनाशीच झाली होती. वर लाल फितीचं मोठं चित्र. खाली ती तीन अक्षरं, वीतभर उंचीची. ती जर्मनमध्ये असोत की सांगलीच्या सरकारी दवाखान्यात, सारखीच दिसतात. त्याखाली ती फळी, गेलेल्यांचे फोटो, प्रत्येकापुढे एक मेणबत्ती. आणि काकांनी पाट्या वाचणं थांबवलं होतं.

काकूंचा कप टेबलावर तसाच होता. त्यावर साय धरली होती. त्यांनी हात मांडीवर घेतले होते, एकमेकांत घट्ट.

"निघतो आम्ही," काका उठले. "गाडी आहे बॉनची."

मी त्यांच्या मागे दारापर्यंत धावले आणि तिथे आणखी एकदा शेण खाल्लं. गप्प बसले असते तर निदान शंकेला जागा राहिली असती. मी हात जोडून म्हटलं, "त्याच्या आईला तो स्वतः सांगणार आहे हो, डिसेंबरात. तोवर कृपा करून..."

"छे छे," काका म्हणाले. "आम्हाला काय करायचंय? आम्ही नाही त्यातले." खरंच मनापासून म्हणाले. वाईट माणसं असती तर मला निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. फाटकाबाहेर गेल्यावर काकूंनी पर्समधून छोटी बाटली काढली, आपल्या हातावर ओतली, मग काकांच्या हातावर ओतली, आणि दोघंही हात चोळत चोळत चालू लागले. मी खिडकीतून बघत होते. माझ्या डोळ्यापुढे माझी ती पंधरा दिवसांची पाण्याची बाटली आली.

तो आला पाचला. कोट न काढता जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला. "तुम्ही त्यांना चहा कशाला दिलात?"

"अरे, पाऊस होता, म्हातारी माणसं, दारात कसं उभं करणार..."

"मी तासभर उभा होतो, काकू."

एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याशी जर्मनमध्ये बोलायला लागला. काकू गेलं; फ्राऊ, म्हणजे बाई, आणि पुढे माझं आडनाव. "गोळ्या घेतल्यास का रे?" विचारलं की, "या, डांकं," हो, धन्यवाद. अरे, भांड की माझ्याशी, म्हणावंसं वाटायचं. पण कुठल्या तोंडाने म्हणणार?

सोमवारी मी मुख्य बाईला सगळं सांगितलं, काही न लपवता. तिने लेखी ताकीद दिली, ती द्यायलाच हवी होती. मग पेन खाली ठेवून विचारलं, "मला फक्त एक समजावून सांग. दार का उघडलंस?" माझं जर्मन वाईट नाही. पण तिला ते सांगता येईना. मी म्हटलं, आमच्यात दारातून परत पाठवत नाहीत. ती म्हणाली, "हे दार पाहुण्यांसाठी नाही. आत राहतात त्यांच्यासाठी आहे." खरंच होतं ते.

त्या आठवड्याच्या रविवारी अकराला त्याने नेहमीसारखा फोन टेबलावर लावला, मागे कोरी भिंत. कॉल आला नाही. साडेबाराला त्याने फोन उचलून खिशात टाकला.

पुढच्या रविवारी आला, पण वडिलांचा. वडील कधी फोन करत नसत. फोन नेहमीसारखा टेबलावर लावलेला, त्यामुळे स्पीकर चालूच होता. मी ओट्याशी पाठ करून उभी होते. निघून जायला हवं होतं, गेले नाही.

"आम्हाला शेजाऱ्यांकडून कळावं?" वडील म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "दोन वर्षं दर रविवारी बोलत होतास. शेजारीण घरात येऊन हिला सांगते, आणि हिला वाटतं ती दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय."

"बाबा, मी येऊन सांगणारच होतो. आईला द्या ना फोन. मला एकच वाक्य बोलायचंय."

"ती देवळात गेलीय."

"मग थांबतो मी."

"थांबू नकोस." मग म्हणाले, "लग्नाला येऊ नकोस. मुलाकडच्यांच्या कानावर गेलं तर पोरीचं काय होईल? पाय दुखतोय म्हणून सांगू आम्ही."

मागे भांड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी स्वयंपाकघरात भांडी लावत होतं. त्यालाही ऐकू आलं असणार. तो म्हणाला, "बरं."

ते वाक्य त्याला बोलायला मिळालंच नाही. तीन महिने घोटलेलं वाक्य.

त्याचं तिकीट रद्द झालं. डिसेंबरात बहिणीने लग्नाचे फोटो पाठवले, पंधरा-वीस, खाली काही न लिहिता. तो फोटो मोठे करून उजव्या डोळ्याजवळ धरून बघायचा. आईचा चेहरा ज्यात आहे तेवढेच. गोळ्या घेत होता, व्यायाम करत होता, पण काठी परत दोन वेळा हातातून पडली, आणि जेवण ताटात राहायला लागलं. डॉक्टर म्हणाले, रक्त उत्तम आहे.

संक्रांतीला मंडळात मी सांगून टाकलं, मी कुठे काम करते ते. कुणी विचारलं नव्हतं, मीच उभी राहून सांगितलं, रागारागात आणि जरा मोठ्यानेच. कुणी वाकडं बोललं नाही. सगळे छान म्हणाले. माझ्या गुळाच्या पोळ्या जवळजवळ सगळ्या घरी परत आल्या. लेकीने त्या रात्री दोन खाल्ल्या आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली, पण त्याने त्या पोराचं काय भलं होणार होतं? अकरा वर्षं उशीर झाला होता.

जानेवारीअखेर एके दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि चार महिन्यांनी मराठीत बोलला. "काकू, एक विद्यार्थी सांगलीला चाललाय. डबे न्यायला तयार आहे. दोन्ही."

दोन्ही डबे इथेच होते ना. त्या शनिवारी एक काकांनी टेबलावर सोडलेला, एक त्याच्या पाठीवरच्या पिशवीतून परत आलेला. तो इकडे आल्यापासून पहिल्यांदा ते दोन्ही एका ठिकाणी होते. "आईकडे एकही नाही आता," तो म्हणाला. "तिची पंचाईत होत असेल."

आम्ही दोघांनी मिळून डबे घासले. एकात चॉकलेटं, एकात बदामाची मिठाई. झाकणं लागेनात इतकं भरलं त्याने. मग आईला आवाजी निरोप पाठवला, "आई, डबे पाठवतोय, शुक्रवारी मिळतील." पुढे काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण बोट सुटलं आणि निरोप गेला.

उत्तर तासाभरात आलं. चार महिन्यांतलं आईचं पहिलं. आई मराठी लिहिते ते इंग्रजी अक्षरांत. फोनला ते धड वाचून दाखवता येत नाही, आणि त्याची अक्षरं अजून पळतात. पूर्वी तिचे निरोप मीच त्याला वाचून दाखवायचे. त्याने फोन माझ्यापुढे धरला. चेहरा इतका उजळला होता की काय सांगू.

मी मनात वाचलं. एक ओळ होती. मला वाटलं, खोटं वाचावं. सावकाश पाठव म्हणतेय, असं म्हणावं. काय बिघडतं? शब्द जिभेवर तयारही होता.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "आहे तसं वाचा, काकू."

मी वाचलं. "डबे पाठवू नकोस. तिथेच राहू देत. मी नवीन घेतले."

तो म्हणाला, "अच्छा." फोन घेतला, खिशात ठेवला. मग खुर्ची ओढून बसला आणि एकेक करून दोन्ही डबे रिकामे केले, सगळं एका मोठ्या थाळीत. चार नंबरचे आजोबा आले, त्यांना म्हणाला, घ्या. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही.

"आई, माझ्यामुळे तुला काहीही होणार नाही," तो एकदम म्हणाला. स्पष्ट, एकही शब्द न अडखळता. समोर मी होते, तर मलाच म्हणाला. मी त्याची आई नव्हे. पण कुणीतरी 'हो रे बाळा, ठाऊक आहे मला' म्हणायला हवं होतं, म्हणून मी म्हटलं.

डबे आता आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर असतात. एकात साखर, एकात चहापत्ती. सकाळी पाळीवर आले की मी आधी सगळ्यांचा चहा टाकते, आणि दोन्ही झाकणांवर त्याच्या आईचं नाव असतं.